ठसा न उमटणारं पान

उजाड हा शब्द कुणी डोंगराला लावला की माझं डोकं फिरतं. आमच्या इंदुरीजवळच्या उतारावर गवत आहे, गवतात सरडे आहेत, सरड्यांवर डोळा ठेवून घिरट्या घालणाऱ्या घारी आहेत. पाऊस ओसरला की कातळाच्या भेगाभेगांतून इतकी बारीक फुलं येतात, की पाय कुठे ठेवावा ते कळत नाही. पण झाड नाही ना! मोठं, सावलीचं, फोटोत दिसणारं झाड नाही, म्हणजे उजाड. मी लोणावळ्याजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. वर्गात हे सगळं मी तावातावाने सांगते. घरी मात्र तोंड मिटून बसते, कारण त्या उतारावर झाडं लावणाऱ्या मंडळींचे पुढारी आमचे अण्णाच आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील, विठ्ठल ओव्हाळ. तळेगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक पारावर बसतात, हे डोंगरावर जाऊन बसले. त्यांच्याबरोबर अंबाजी आबा आणि गावातली आणखी चार रिकामी माणसं. दर रविवारी सकाळी कुदळी, पाट्या, पाण्याचे कॅन घेऊन ही टोळी वर चढते. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ. जगलेल्या प्रत्येक झाडाचा अण्णांना केवढा अभिमान! पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला उतारावर नेतात. बिचारा धापा टाकत झाडं बघतो आणि परत येऊन दोन कप चहा पितो.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आई गेली. आमच्या गावात आता बरीच माणसं रक्षा इंद्रायणीत सोडत नाहीत. नदीचे आधीच हाल झालेत. ही पद्धत अण्णांनीच पाडली: उतारावर खड्डा घ्यायचा, रक्षा त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. आमच्या बौद्धवाड्यात सुरू झालं आणि मग सगळ्या गावाने उचललं. आईच्या खड्ड्यात अण्णांनी पिंपळ लावला. खोडाभोवती पाणी अडावं म्हणून दगडांचं गोल आळं रचलं आणि शेजारी पत्र्याची पाटी ठोकली, 'हिराबाई'. ते आळं त्यांनी इतक्या निगुतीने रचलं होतं, की बाकीची सगळी आळी त्यापुढे उगाच टाकल्यासारखी दिसायची.

तर यंदा आईचा पहिला स्मृतिदिन जवळ आला म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळच्या लोकलने घोरावाडीला उतरले. अण्णा स्कूटर घेऊन आले होते. घरी न जाता स्कूटर थेट डोंगराच्या पायथ्याला लावली.

"आधी तुज्या आयला भेटू," ते म्हणाले. "आळ्यातलं गवात काढलंय. चुना मारलाय दगडास्नी. बग कसं दिसतंय."

छान दिसत होतं, खोटं कशाला सांगू. पिंपळ माझ्या खांद्याला लागला होता. उतरत्या उन्हात त्याची पानं चमकत होती आणि भोवती पांढरेशुभ्र दगड. मी पाटीवर हात ठेवला. आणि तेवढ्यात खालच्या अंगाच्या एका दगडाच्या कपारीत मला एक नेचा, फर्न म्हणतात तो, दिसला.

वर्षभर मी त्या झाडापाशी येत होते, तरी तो मला कधी दिसला नव्हता. त्याचं कारणही सरळ आहे. असले नेचे उन्हाळ्यात मिटून तपकिरी मुठी करून बसतात, वाळकं गवत आणि ते ओळखू येत नाही. पावसाळ्यात ते उलगडतात तेव्हा भोवती कमरेएवढं गवत असतं. अण्णांनी गवत काढलं, म्हणून तो उघडा पडला. पानं हाताच्या बोटाएवढी लांब, नाजूक कातरलेली, देठ काळाभोर. कडा आत वळायला लागल्या होत्या. ऊन आणखी थोडं तापलं की तो मिटणार होता.

तुम्हाला रुपेरी नेचा माहीत असेल. घाटात भिंतींवर, कातळावर कुठेही उगवतो. पान वरून हिरवं आणि खालून पांढऱ्या भुकटीने माखलेलं. लहानपणी लोणावळ्याला मावशीकडे जाताना आई रस्त्याकडेच्या भिंतीवरून ते पान तोडायची, माझ्या हाताच्या पाठीवर ठेवून थापट मारायची आणि पान उचलायची. हातावर पानाचा पांढरा ठसा! मी दिवसभर तो हात धुऊ द्यायची नाही. मी वनस्पतिशास्त्राकडे वळले ती कुठल्या पुस्तकामुळे नव्हे, त्या थापटीमुळे.

कपारीतला नेचा दिसायला तसाच होता, पण तो नव्हता. म्हणजे मला तो तसा वाटेना. देठाचा काळा रंग जरा जास्तच गडद होता, पान जाड होतं, आणि घाटातल्या ओलाव्यात रमणारा रुपेरी नेचा या तापलेल्या पूर्वेकडच्या उतारावर काय करत होता? याच्यासारखाच दिसणारा आणखी एक नेचा आहे. कोरड्या, खडकाळ उतारांवरचा. त्याचे जुने वाळवलेले नमुने मी पाहिले होते, पण या बाजूला तो जिवंत पाहिल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं शास्त्रीय नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की उद्या कुणीतरी मोबाईल घेऊन येईल आणि परवा कुणीतरी खुरपं.

असा नेचा समोर दिसल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. कारण मी आळ्याच्या आत पाहिलं, तर आतल्या बाजूच्या दगडांना त्याच नेच्याचे आणखी झुपके होते, आणि ते काळे पडून सडले होते. कोरड्याची सवय असलेल्या झाडाला एक दिवसाआड पाणी मिळालं की दुसरं काय होणार? बाहेरच्या अंगाचा तेवढा एक तग धरून होता. हा तोच दुर्मीळ नेचा असेल, तर त्याला वाचवायला आईचं आळं मोडावं लागणार होतं. आणि आणखी दोन दिवसांनी, रविवारी, अण्णांची टोळी यंदाची नवी आळी रचायला येणार होती.

"अगं, बगती काय? ठसा घे की," अण्णा मागून म्हणाले. "तुज्या आयचं पान हाये त्ये."

मी एक पान तोडलं, हाताच्या पाठीवर ठेवलं आणि थापट मारली. उचललं, तर पांढरा ठसा.

मला इतकं हायसं वाटलं, की मी हसलेच. रुपेरीच होता! साधा, घाटातला, भिंतीवरचा. सडला तर वाईट, पण जगबुडी नव्हे. अण्णाही हसले. आई गेल्यापासून त्यांना असं तोंडभर हसताना मी पाहिलं नव्हतं.

"उमटला व्हय?" ते म्हणाले.

"उमटला."

"झालं तर मग. चल, च्या घिऊ."

पान मी पिशवीतल्या वर्तमानपत्रात घातलं, निव्वळ सवयीने. शनिवारी सकाळी कॉलेजात दोन तास होते, म्हणून पहाटेच्या गाडीने लोणावळ्याला परतले. पण काही केल्या मन थाऱ्यावर येईना. गाडीत बसल्याबसल्या मी त्या ठशाकडे बघत होते. रुपेरीच्या ठशात एकेक कातर दिसते, कुणी बारीक कुंचल्याने काढल्यासारखी. हा ठसा फराटा होता. कुठे दाट, कुठे काहीच नाही. शिवाय हात खाजत होता. मी स्वतःला दटावलं, की बाई, तुला संशयाची सवय लागली आहे, ठसा उमटला ना, मग गप्प बस. वर्गात मी मुलांना गवताची फुलं शिकवत होते आणि मध्येच थांबत होते. एका मुलीने शेवटी विचारलं, "मॅडम, बरं नाही का?"

खोलीवर आले ती थेट स्वयंपाकाच्या ओट्याशी गेले. वाटीत हळद घेतली, पाण्यात कालवली आणि तोडलेलं पान उलटं ठेवून त्यावर बोटाने लावली. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली. कुंकवासारखी. चुना! नेच्याची भुकटी कधी हळदीला लाल करत नाही. अण्णांनी दगडांना चुना मारला, त्याचे शिंतोडे पानाखाली गेले, आणि मी, वनस्पतिशास्त्राची बाई, चुन्याचा ठसा हातावर घेऊन आनंदाने घरी चहा प्यायले.

पान धुतलं आणि भिंग लावलं. खाली भुकटीचा कणही नव्हता. होते ते तांबूस खवले, आणि आत वळलेल्या कडेखाली पिकलेल्या बीजाणूंची काळपट रांग. फोटो काढून पुण्याच्या आगाशे मॅडमना पाठवले. नेच्यांमध्ये हयात घालवलेली ही बाई. मी त्यांच्या हाताखाली शिकले, आणि अजूनही त्यांचा फोन आला की उभी राहते.

फोन लगेच आला. "तोंडावरून ओळख पटवू नकोस," त्या म्हणाल्या. "देठाचं बूड हवं. जमिनीतलं खोड आणि त्यावरचे खवले. एकरंगी की दुरंगी, ते सांग. मग बोलू."

"त्यासाठी दगड हलवावा लागेल, मॅडम."

"मग हलव. आणि एकच झुपका का? आजूबाजूला बघ. असला नेचा कपारीत एकटा येत नाही. आणि घाई कर, आठवड्यात मिटेल तो."

दगड हलव, म्हणे. कुणाचा दगड, ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुपारच्या गाडीने मी परत इंदुरीला निघाले. गाडी घोरावाडीला पोचेपर्यंत मी मनात शंभर वाटा काढल्या. नुसतं पाणी कमी करायला सांगू का? पिंपळ उन्हाळा काढणार नाही. गुपचूप झुपका खरवडून दुसरीकडे लावू का? दगडात शिरलेलं खोड खरवडलं की मेलंच. की गप्पच बसू? रुपेरी आहे असं एकदा अण्णांना सांगून झालंच होतं. कुणी विचारणार नव्हतं. आगाशे मॅडमना सांगितलं असतं की मिटून गेला, पुढच्या वर्षी बघू. हा शेवटचा विचार मला फारच सोयीचा वाटला, आणि म्हणूनच स्वतःचा राग आला.

घरी न जाता मी आधी उतारावर गेले आणि वरपासून खालपर्यंत कपारी धुंडाळल्या. नेचा कुठेच नव्हता. गुडघे फुटले, ओढणी बाभळीत अडकून फाटली. अगदी वर, कातळाच्या छपराखाली, मला वेगळंच काहीतरी दिसलं. जमिनीत दगडांची रिकामी घरं होती. दगड उचलल्यावर मागे राहते तशी खोलगट, गुळगुळीत जागा. एकाशेजारी एक, कितीतरी. काही घरांच्या कडेला काळ्या केसांसारखी वाळकी मुळं चिकटली होती.

मी ती मुळं बोटांत धरली आणि मग खाली पाहिलं. उतारभर आळीच आळी. गोल, नेटकी. प्रत्येक आळ्यात याच उतारावरचे दगड. जवळच्या एका आळ्यातला दगड उलटून पाहिला, तर खाली वाळून कोळसा झालेला झुपका. दुसऱ्या आळ्यात सडलेला. हा नेचा इथे नव्हता असं नाही. तो होता, या छपराखाली दाटीने होता. आम्ही त्याचं घर दगडादगडाने उचलून झाडांभोवती रचलं होतं.

अंबाजी आबा खाली पांढऱ्या फक्कीने नव्या आळ्यांच्या खुणा करत होते. मी धापा टाकत त्यांच्यापर्यंत गेले.

"आबा, आळ्यांसाठी दगड कुठून घेता तुम्ही?"

"आता घ्या!" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "डोंगरावर दगड कमी हायती व्हय? दिसला त्यो उचलायचा. वरच्या छपराखालचं बेस असत्यात, चपटं. उंद्या तितलंच काढायचं हायती ऱ्हायल्यालं."

राहिलेले. म्हणजे अजून थोडे होते, आणि उद्या जाणार होते.

घरी अण्णा अंगणात बसून बादलीत चुना कालवत होते. स्मृतिदिनासाठी घराला हात मारायचा होता. भिंतीला टेकवून बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर पुसून ठेवली होती, शेजारी आईचा फोटो. आईच्या फोटोसमोर हे बोलायचं जिवावर आलं होतं. पण मी बोलले. आडवळणं मला कधी जमलीच नाहीत.

"अण्णा, तो नेचा रुपेरी नाही. ठसा त्याचा नव्हता, चुन्याचा होता. तुम्ही दगडांना चुना मारलात ना, त्याचे शिंतोडे होते ते."

अण्णांनी काठी बादलीत फिरवायची थांबवली.

"शितोंडं न्हाईत," ते म्हणाले.

"मग?"

"मीच लावला. वाळल्या चुन्याची पूड. बोटानं. पानाच्या खालनं."

अण्णा माझ्याकडे न बघता बोलत होते.

"गेल्या साली आळं रचताना वर छपराखाली गेलतो. तितं ही पानं दिसली. म्हणलं, हिराचं पान! लोनावळ्याच्या वाटंला तुज्या हातावर मारायची त्येच. म्हणलं, तिच्याजवळ ऱ्हाऊ दे. म्हणून त्येच दगड उचललं, पानांसकट, सांबाळून. हितं आनून हातावर मारून बगितलं. काय उमाटलं न्हाई. म्हणलं, आत्ता पाऊस सरलाय, म्होरल्या पावसाळ्यात उमटंल. ह्या पावसाळ्यात बगितलं. न्हाईच उमाटलं." त्यांनी काठीने बादलीची कड खरवडली. "आन तू येनार म्हणल्यावर... तू हात म्होरं करनारच. तुज्या आयच्या झाडापाशी ठसा न्हाई उमाटला तर तुला कसं वाटंल? म्हणून लावला."

मला एकाच वेळी रडू आलं आणि रागही आला. कुणाचा राग, ते सांगता येणार नाही. या माणसाने कुठल्याही पुस्तकाशिवाय दोनदा त्या नेच्याची परीक्षा घेतली होती. दोन्ही वेळा नेच्याने खरं उत्तर दिलं होतं. आणि दोन्ही वेळा अण्णांनी ते उत्तर नाकारलं, कारण त्यांना दुसरं उत्तर हवं होतं. मी तरी दुसरं काय केलं होतं?

"अण्णा, त्याचा ठसा कधीच उमटणार नाही," मी म्हणाले. "ते आईचं पान नाही. ते फार क्वचित सापडणारं आहे. कोरड्या कातळातलं. आळ्यात पाणी पिऊन ते सडलंय. एकच झुपका उरलाय, तोही या उन्हाळ्यात जाईल. आणि वरचे उरलेले दगड उद्या काढलेत, तर तो परत उगवेल अशी जागाच उरणार नाही."

"म्हंजी तिच्या आळ्यात मरतंय?"

"हो."

"आन दगड माघारी निऊन ठिवलं तर?"

"जगेल की नाही, सांगता येत नाही. पण इथे नक्की मरेल."

अण्णा उठले. चुन्याचे हात त्यांनी पंच्याला पुसले. "ह्ये बग, बाकीच्या आळ्यांचं काय त्ये बगू. पन तिच्या आळ्याला हात लावायचा न्हाई. पाव्हनं येनार, वंदना हुनार, आन समूर आळं मोडल्यालं? लोक काय म्हनतील, बायकूचं साल सरलं आन ह्यानं दगडबी काढलं?"

"लोकांचं सोडा हो!"

"लोकांचं सोडलं," अण्णा आवाज चढवून म्हणाले. "माजं काय? मी रोज तितं जाऊन बसतो. कुटं बसू सांग की."

मी आत गेले, भांडी आपटली, भाकऱ्या करपवल्या. झोपायला गेले तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आईच्या आळ्याचं नाव काढायचं नाही, फक्त वरचे उरलेले दगड तेवढे उद्या वाचवायचे. अर्धी लढाई तरी लढायची. पण मला ठाऊक होतं, देठाच्या बुडाशिवाय आगाशे मॅडम नाव देणार नाहीत, आणि नावाशिवाय माझं गावात कुणी ऐकणार नाही. वाळकं गवत म्हणतील आणि कुदळ घालतील.

सकाळी उठले तर अण्णांचं अंथरूण रिकामं. चहाचं पातेलंसुद्धा कोरडं. मी चप्पल अडकवून, भिंगाची पिशवी उचलून तशीच उताराकडे धावले. मला वाटलं, टोळीला लवकर घेऊन गेले, माझ्याशी वाद नको म्हणून. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

टोळी पिंपळापाशी उभी होती. कुणी काही करत नव्हतं. अंबाजी आबांनी टोपी काढून हातात धरली होती. आणि मध्ये अण्णा उकिडवे बसून आईच्या आळ्याचे दगड एकेक करून सोडवत होते.

"विठ्ठलभाऊ, आवं काय करताय ह्ये?" आबा कळवळून म्हणत होते. "वैनींचं आळं हाय त्ये."

"आजपासनं दगड उचलायचं न्हाईत," अण्णा मान वर न करता म्हणाले. "ठिवायचं." मग त्यांना मी दिसले. "आलीस? ये. ह्यो पानाचा दगड तूच काड. मला भ्या वाटतंय."

मी गुडघ्यांवर बसले. दगड मोकळा केला आणि कुशीवर वळवला. खाली नेच्याचं खोड कातळाला घट्ट चिकटलेलं होतं, काडीएवढं. भिंगातून पाहिलं. देठाच्या बुडाशी खवले होते, मधोमध काळी रेघ आणि दोन्ही कडा फिक्या. दुरंगी. गळून पडलेले एकदोन खवले कागदाच्या पुडीत घेतले आणि भिंगावर मोबाईल धरून फोटो काढले. डोंगरावर धड रेंज येते ती फक्त आईच्या झाडापाशीच, पूर्वी मला त्याचं हसू यायचं.

मग आम्ही दगड वर न्यायला लागलो. आईच्या आळ्यातले सगळे, आणि बाकीच्या आळ्यांतले ज्यांच्या खाली जरातरी हिरवं दिसलं ते. चपट्या दगडांना एका अंगाला डोंगराची जुनं राखाडी दगडफूल होतं, आईच्या आळ्यातल्यांना दुसऱ्या अंगाला अण्णांचा चुना. दगडफुलाचं अंग उन्हाकडे, असं मी सांगत होते आणि टोळी एकेक दगड त्याच्या रिकाम्या घरात बसवून बघत होती. नाही बसला की शेजारच्या घरात. अंबाजी आबा कुरकुरत होते, की वर्ष घालवलं रचण्यात आणि आता उलटं काम. पण सगळ्यात मोठा दगड त्यांनीच खांद्यावर घेतला. नेच्याचा दगड अण्णांनी दोन्ही हातांत धरून नेला, पोटाशी. वाटेत कुणालाही हात लावू दिला नाही.

फोन वाजला तेव्हा आम्ही छपराखाली होतो. रेंज तुटत होती म्हणून मी धावत पिंपळापाशी आले.

"तोच आहे," आगाशे मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कोरडा, पण मध्ये त्या थांबल्या. "अनघा, मी हा जिवंत कधी पाहिलेला नाही. कुठे मिळाला?"

मी भोवती पाहिलं. पिंपळ, पाटी आणि भोवती उघडी ओली माती. दगडांचा एक गोल ठसा जमिनीत तेवढा उरला होता. "इंदुरीच्या डोंगरावर," मी म्हणाले. "तुम्ही या. दाखवते."

परत वर गेले तेव्हा टोळी पाणी प्यायला सावलीत बसली होती. अण्णा एकटे त्या दगडासमोर बसले होते. दगड आपल्या जागी बरोबर बसला होता.

"काय म्हनल्या बाई?"

"तोच आहे म्हणाल्या."

त्यांनी मान डोलावली. "तिच्या झाडाला मी मातीचं आळं घालीन. पाव्हन्यांस्नी काय सांगायचं त्ये मी सांगतो."

मग ते पुढे वाकले. पान न तोडता, एक हात त्याच्याखाली घातला आणि दुसऱ्या हाताने वरून अगदी हलकी थापट मारली, आई मारायची तशी. हात काढून त्यांनी माझ्यासमोर उघडा धरला.

"बग," ते म्हणाले. "काय उमाटलं न्हाई. आता बराबर?"

चुन्याने उललेला तो तळहात मी नीट बघितला. कोरा होता.

"बरोबर, अण्णा," मी म्हणाले, आणि त्या हाताला धरून तिथेच बसले.